हाताने केलेल्या पेनसाठी किट आणि लाकूड कसं निवडायचं? (सांगली-सातारा भागातली लाकडं)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत छोटा लाकडी लेथ घेतला. लाटणी, भोवरे, पटाशीच्या मुठी असं बरंच काही करून हात बसलाय. आता पेन करायची आहेत. आमच्या शाळेतले तीन शिक्षक मेअखेर निवृत्त होतायत, त्यांना दुकानातलं काही देण्यापेक्षा स्वतः कातलेलं पेन द्यावं असं फार मनात आहे.

अडचण अशी की किट (पेनचे तयार सुटे भाग) बघायला बसलं की नावांचाच पाऊस पडतो. स्लिमलाइन, सिएरा, सिगार, शिवाय फाउंटन आणि रोलरबॉलची वेगळी. त्यात सोनेरी, क्रोम, गनमेटल. यातलं नवशिक्याने काय घ्यावं?

लाकूड घरात आहे. आजोबांच्या बैलगाडीच्या चाकातले बाभळीचे आरे माळ्यावर पडून आहेत. वखारीतून शिसवाच्या पट्ट्या मिळाल्यात. मागच्या पावसाळ्यात पडलेल्या चिंचेचा एक ओंडका अंगणात आहे. रंगीत रेझिनचे ब्लँकही (कातायचे तयार तुकडे) बाजारात दिसतात. यातलं कशाला कुठलं किट जुळेल, ते जाणकारांनी सांगावं.

यवतेश्वर (सातारा)

कृष्णाकाठ दादा, धागा काढलात ते उत्तम केलंत. मराठीत या विषयावर फारसं लिहिलेलं सापडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. लाकूड बाजूला ठेवा, किटचा रंगही बाजूला ठेवा. आधी रिफिल ठरवा आणि तिथून उलटं या. लाकूड कितीही देखणं असो, रिफिल संपल्यावर नवी मिळाली नाही तर ते पेन शोकेसमध्ये जातं. शिक्षकाला दिलेलं पेन शोकेसमध्ये गेलं तर त्याचा काय उपयोग?

स्लिमलाइनला क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते, ती आतल्या फिरत्या यंत्रणेत आट्यांनी बसते. आपल्याकडे मिळते, पण प्रत्येक स्टेशनरीत नाही. सिएरा आणि सिगारला पार्कर पद्धतीची, म्हणजे जी2 मापाची साधारण 98 मिलिमीटर लांबीची रिफिल चालते. ती सांगलीत, कराडात, विट्यात कुठेही मागा, मिळते. निवृत्त माणूस गावाकडे राहायला गेला तरी त्याची अडचण होणार नाही. तेवढ्यासाठी मी भेटीच्या पेनला स्लिमलाइन टाळतो.

दुसरी गोष्ट हाताची. तिघेही शिक्षक वेगवेगळं लिहीत असतील. कोण काय लिहितं ते सांगा, मग किट सांगता येईल.

आता स्लिमलाइनबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळे नवशिके स्वस्त म्हणून तेच घेतात. त्यात 7 मिलिमीटरच्या दोन पितळी नळ्या असतात. टोकाला जिथे धातूचा भाग भेटतो तिथे पेनचा व्यास साधारण 8.3 मिलिमीटर. म्हणजे नळीच्या बाहेर प्रत्येक बाजूला लाकूड उरतं जेमतेम पाऊण मिलिमीटर, तेवढंही नाही. गाठ असलेलं, भरड रेषांचं किंवा भुसभुशीत लाकूड नेमकं तिथेच टवका उडवतं. शिवाय दोन तुकडे असल्यामुळे लाकडाच्या रेषा मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना जुळवाव्या लागतात. ब्लँक कापण्याआधी एका बाजूला पेन्सिलने लांब रेघ मारून ठेवली आणि दोन्ही तुकड्यांची दिशा तशीच ठेवली तर त्या जुळतात.

सिएराला नळी एकच. भोक एकच, आणि जेमतेम अडीच इंच लाकूड पुरतं, त्यामुळे आजोबांच्या आऱ्यातला चांगला तेवढाच भाग निवडून घेता येतो. बिट मात्र वेगळं लागतं, 27/64 इंच, म्हणजे 10.7 मिलिमीटर. ते बाजारात सहज मिळत नाही, किटबरोबरच मागवा.

कृष्णाकाठ (सांगली)

धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं. तिघांबद्दल सांगतो. गणिताच्या बाई, रोज वह्यांचा ढीग तपासतात, निवृत्तीनंतरही घरी शिकवण्या घेणार आहेत. हात थोडा दुखतो त्यांचा. मुख्याध्यापक सर, यांची मोठी झोकदार सही, अजूनही शाईचंच पेन वापरतात. आणि चित्रकलेचे सर, जे खिशातल्या छोट्या वहीत सतत काहीतरी टिपत असतात.

यवतेश्वर (सातारा)

मग झालंच की. बाईंना सिएरा. सिगार देऊ नका, दिसायला भारदस्त पण वजनाला जड, आणि तासभर लाल रेघा ओढणाऱ्या हाताला ते वजन जाणवतं. सिएराचं पोट थोडं भरीव ठेवा, अगदी बुशिंगच्या (कातताना ब्लँकच्या टोकांना लावतात त्या मापाच्या धातूच्या कड्यांच्या) मापाला सरळ आणू नका. पेन जरा जाड असलं की पकड सैल राहते आणि दुखऱ्या बोटांना बरं वाटतं. चित्रकलेच्या सरांनाही सिएराच, पण सडपातळ. मुख्याध्यापकांसाठी फाउंटन, त्यावर इथले शाईवाले बोलतील.

कुपवाड वर्कशॉप

आम्ही लोखंडी लेथवाले, पण पेनंही करतो. दोन-तीन गोष्टी सांगतो.

किटबरोबर बुशिंग मागवाच, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. पॉलिश पेपर चालवताना बुशिंगही थोडं थोडं झिजतं आणि माप खाली येतं. व्हर्नियर घ्या, किटमधल्या धातूच्या भागाचा व्यास मोजा आणि लाकूड त्या मापाला आणा. जोडावरून नख फिरवलं तर कुठे अडकता कामा नये.

मँड्रेलचा, म्हणजे ब्लँक ओवून फिरवायच्या सळईचा, नट जास्त आवळू नका. बारीक सळई आहे ती, दाब आला की धनुष्य होते आणि पेन लंबगोल कातलं जातं. एका बाजूला लाकूड धातूपेक्षा उंच, दुसऱ्या बाजूला खोल असं दिसलं तर कारण बहुतेक हेच. जमलं तर मँड्रेल सोडून लेथच्या दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या अणींमध्ये) धरून काता.

भोक पाडताना घाई नको. बिट थोडं आत, बाहेर, भुसा काढा, पुन्हा आत. लाकूड तापलं की आतून तडा जातो आणि तो पॉलिश झाल्यावर दिसतो. ब्लँक नळीपेक्षा चांगला लांब ठेवा आणि आरपार भोक पाडू नका. पुरेसं खोल झालं की टोक कापून टाका, म्हणजे बिट बाहेर पडताना लाकूड फुटायचा प्रश्नच येत नाही.

मुलामा. सोनेरी म्हणून जे साधं 24 कॅरेटचं पाणी दिलेलं असतं ते रोजच्या वापरात घामाने लवकर उडतं आणि खालचा धातू दिसायला लागतो. सोनेरीच हवं तर टायटॅनियम नायट्राइडचं घ्या, ते टिकतं. नाहीतर क्रोम. ऱ्होडियम सगळ्यात टिकाऊपैकी, पण महाग. काळा एनॅमल रंग असलेलं किट खडूच्या हातात आणि किल्ल्यांच्या खिशात टवके सोडतं. गनमेटल त्यापेक्षा बरं. तुमच्या बाभळीला आणि शिसवाला क्रोम किंवा गनमेटल, दोन्ही शोभेल.

माणदेशी

लाकडाबद्दल बोलतो. यवतेश्वर दादा म्हणतात लाकूड शेवटी बघा. मला ते पटत नाही. आजोबांच्या गाडीचा आरा हाच इथे मुद्दा आहे. किट आज एक मिळतं, उद्या दुसरं मिळेल. तो आरा संपला की संपला. तेव्हा आरे आधी नीट तपासा, त्यात काय निघतं ते बघा, मग त्याला झेपेल असं किट घ्या.

बाभूळ आपल्या भागात नांगराला, गाडीला, औतकाठीला उगाच वापरत नव्हते. घट्ट, चिवट, गाभा तांबूस तपकिरी. इतक्या वर्षांचा आरा पूर्ण वाळलेला असतो, त्यामुळे कातल्यावर हलत नाही. पण आधी लोहचुंबक फिरवा. आऱ्यांत कुठे खिळा, कुठे धावेच्या (चाकाच्या कडेवरच्या) लोखंडाचा तुकडा अडकलेला असतो आणि हत्याराची धार एका क्षणात जाते. मग दोन्ही टोकांना स्पिरिट लावा. लाकडावरचं स्पिरिट उडून जातं पण केसाएवढ्या भेगेत ते थोडा वेळ ओलं राहतं, आणि भेग काळी रेघ होऊन दिसते. तेवढा भाग सोडून द्या. आऱ्याचा जो भाग तुंब्यात (चाकाच्या मधल्या गाभ्यात) बसलेला असतो तिथे वंगण मुरलेलं असतं, तिथे गोंद धरत नाही.

चिंचेच्या ओंडक्याला मे महिन्यात हात लावू नका. चिंचेचा गाभा जांभळट काळा निघतो, फार सुंदर, पण लाकूड उघड्यावर वाळायला एका इंच जाडीला साधारण वर्ष धरायचं असा सुतारांचा ठोकताळा आहे. अख्खा ओंडका तर आतून ओलाच असणार. आत्ता त्याचा मधला भेंडाचा भाग सोडून पाऊण इंची चौकोनी कांड्या पाडा, पाच-साडेपाच इंच लांब, दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉल लावा आणि सावलीत हवेशीर रचून ठेवा. टोकांतून पाणी सर्वात वेगाने जातं, ते अडवलं नाही तर तिथूनच भेगा पडतात. दर आठवड्याला एक कांडी सोनाराच्या काट्यावर तोला आणि वजन तिच्यावरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की समजा तयार.

हे इतकं का करायचं? लाकूड आडवं आकसतं आणि आतली पितळी नळी आकसत नाही. म्हणून ओल्या लाकडाचं पेन उभं चिरतं. पावसाळ्यात महाबळेश्वर-कोयनेच्या हवेत कातलेलं पेन एप्रिलमध्ये जत-आटपाडीला गेलं की हीच परीक्षा होते. पश्चिमेकडच्या मंडळींनी तर आठवणीने तोलूनच काम करावं.

यवतेश्वर (सातारा)

माणदेशी, आरा जपायचा हे सोळा आणे मान्य. मी शेवटी म्हणालो ते बाजारातून विकत आणायच्या ब्लँकबद्दल. घरचं, आठवणीचं लाकूड असेल तर त्याचा पाया आधी धरायलाच हवा. तरी मी म्हणेन, त्या आऱ्याला पार्कर रिफिलचंच किट लावा. दोन्ही गोष्टी एकत्र जमतायत तर का सोडा?

मेणवली

वाचते आहे. शिसवाबद्दल कुणी बोललं नाही. मी शिसवाची दोन पेनं केली, फेविक्विकने चिकटवलेली नळी आतून सुटली असं एकाच्या बाबतीत झालं. लाकडातच काही असतं का?

कुपवाड वर्कशॉप

मेणवली ताई, असतं. शिसवात, सागात नैसर्गिक तेलं असतात. चिकटवायच्या आधी भोकाच्या आत ॲसिटोन लावलेला बोळा फिरवा आणि ते पूर्ण उडालं की लगेच गोंद. नळीही बाहेरून पॉलिश पेपरने खरवडून घ्यायची. गुळगुळीत पितळेवर काहीच धरत नाही.

आणि नळी चिकटवायला मी फेविक्विकपेक्षा सावकाश वाळणारं दोन ट्यूबवालं अरल्डाइट घेईन. फेविक्विक सायनोॲक्रिलेट आहे, लगेच धरतं, नळी अर्ध्यात अडकली की संपलं. वाळल्यावर ठिसूळही असतं, पडल्यावर सुटतं. अरल्डाइट लावून नळी फिरवत फिरवत आत घाला म्हणजे सगळीकडे पसरतं, आणि रात्रभर तसंच राहू द्या. गोंद नळीच्या आत जाऊ नये म्हणून टोकाला मुलांच्या खेळायच्या मातीचा बूच लावा. बटाट्याच्या कापात नळी दाबली तरी बूच बसतो, काम होतं.

शिसवाच्या भुश्याने पुष्कळांना अंगाला खाज, शिंका, डोळे चुरचुरणं होतं. एन95 मास्क लावूनच पॉलिश पेपर चालवा. आंब्याच्या लाकडालाही हीच काळजी.

खुंटी (मिरज)

मिरजेत राहून हा धागा वाचतोय, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे सतारमेकर मंडळींच्या कारखान्यांत तंबोऱ्याची दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) तूनच्या लाकडाची होते. तेच लाकूड, तीच वाळवण्याची शिस्त. वाद्याचं लाकूड ते वर्षानुवर्षं मुरवून वापरतात, कारण आकसलं तर सूर जातो. उरलेले तुकडे पेनला पुरेसे असतात. ओळख काढून, कामाच्या वेळेत त्रास न देता मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या गावच्या लाकडाचं पेन कुणाला द्यायचं झालं तर यापेक्षा चांगलं काय असणार?

एक लक्षात ठेवा, तून हलकं आणि मऊ आहे. रंग विटकरी, रेषा सरळ, कातायला लोण्यासारखं. पण नख लागलं तरी खूण उमटते. त्याच्यावर पातळ सायनोॲक्रिलेटचे बरेच थर द्यावे लागतात, नुसत्या मेणावर ठेवलं तर चार महिन्यांत मळतं. खुंट्यांचं शिसव जास्त पक्कं असतं, त्याचा तुकडा मिळाला तर सोडू नका.

शाई आणि निब

मुख्याध्यापकांच्या फाउंटनबद्दल.

किट घेताना तीन गोष्टी बघा. निब बदलता येते का, म्हणजे 5 नंबर किंवा 6 नंबर मापाची प्रमाणित निब बसते का. किटबरोबर येणारी निब कधी चांगली लिहिते, कधी खरखरते. माप प्रमाणित असेल तर योवो किंवा बॉक या कंपन्यांची निब नंतर घालता येते. दुसरं, आंतरराष्ट्रीय मापाचा कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घ्यायची नळी) बसतो का. सरांना दौतीतूनच शाई भरायची सवय असणार, कार्ट्रिज शोधत फिरायला लावू नका. तिसरं, बोटं जिथे धरतात तो भाग चकचकीत धातूचा असेल तर उन्हाळ्यात घामाने निसटतो. काळ्या प्लॅस्टिकचा असेल तर बरं. टोपणाच्या आट्याही हाताने फिरवून बघा, दीड-दोन फेऱ्यांत उघडलं पाहिजे. सही करायला ज्यांना दिवसातून पन्नास वेळा टोपण काढावं लागतं त्यांना ते फार जाणवतं.

पुढे कधी किटशिवाय पेन करायचा विचार आला तर एबोनाइटकडे वळा. गंधक घालून कडक केलेलं रबर ते. कातताना गंधकाचा वास येतो, पॉलिश छान घेतं, हातात ऊबदार लागतं, आणि नळीच लागत नाही, आटे थेट त्याच्यातच पाडता येतात. उन्हात ठेवलं तर काळ्याचा तपकिरी होतो एवढं सांभाळायचं. आपल्या देशात ही परंपरा जुनी आहे. राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांच्या स्वदेशी पेनबद्दल गांधीजींनी 1935 मध्ये पत्र लिहिलं होतं. चेन्नई, हैदराबाद इथेही हाताने कातलेली एबोनाइटची पेनं होतात. महाराष्ट्रात, त्यातही आपल्या कृष्णाकाठी, असं काही उभं राहावं अशी मनापासून इच्छा आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

ठरवलं ते असं. बाईंना बाभळीच्या आऱ्याचं सिएरा, क्रोम. चित्रकलेच्या सरांना तून किंवा खुंटीचं शिसव, मिरजेला जाऊन विचारतो. मुख्याध्यापकांना शिसवाचं फाउंटन. चिंच वाळत घालतो.

दोन शंका. फाउंटनचं टोपण निळ्या पारदर्शक रेझिनचं करू का? आणि एका मित्राने सांबराचं शिंग देऊ केलंय, त्याचं पेन फार सुंदर दिसतं म्हणे.

माणदेशी

शिंग नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार बंद आहे, गळून पडलेलं असलं तरी. मित्राला परत द्या. चांदोली-कोयनेच्या संरक्षित जंगलातून पडलेलं लाकूड उचलणंही त्यातलंच. चंदनाच्याही वाटेला जाऊ नका. वखारीतले, घरातले, वाद्याच्या कारखान्यातले तुकडे आयुष्यभर पुरतील इतके आहेत.

कुपवाड वर्कशॉप

पारदर्शक रेझिन चालेल, पण आतली पितळी नळी पिवळी दिसते आणि निळा रंग हिरवट मळका होतो. भोकाच्या आतून आणि नळीला बाहेरून, दोन्हीकडे पांढरा किंवा त्याच छटेचा रंग द्या, पूर्ण सुकू द्या, मग चिकटवा. हळूहळू भोक पाडा, थोडं साबणाचं पाणी सोडत. तापलं की रेझिन वितळून बिटला गुंडाळतं. पॉलिश ओल्या पेपरने, बारीक होत होत 12000 पर्यंत. टोपण रेझिनचं आणि अंग शिसवाचं केलंत तर दोघांची चकाकी सारखी दिसायला शिसवावरही सायनोॲक्रिलेटचेच थर द्या.

माणदेशी

बाभळीच्या पेनवर मात्र तो काचेसारखा थर देऊ नका. आऱ्याला लाकडाचाच स्पर्श राहू द्या. घट्ट लाकूड आहे, 600 च्या पेपरपर्यंत घासून तेल-मेण लावलं तरी त्याला वर्षानुवर्षं काही होत नाही. बाईंच्या हाताने त्याला आपोआप चकाकी येईल.

खुंटी (मिरज)

बाभळीपुरतं मान्य. तूनला तसं करू नका, एवढंच.

कृष्णाकाठ (सांगली)

शिंग परत दिलं. किटं मागवतोय. शेवटचं विचारतो, जोडणीला वेगळं प्रेस यंत्र घ्यावं लागतं का?

कुपवाड वर्कशॉप

नाही. लेथच्या टेलस्टॉकनेच (चाक फिरवून पुढे सरकवतात त्या टोकाने) दाबायचं. दोन्ही बाजूंना सपाट लाकडाचे ठोकळे लावा म्हणजे मुलाम्याला ओरखडा पडत नाही. दाबायच्या आधी नळीचं आतलं तोंड गोल पॉलिश पेपरने साफ करा. तिथे गोंदाचा एक कण जरी राहिला तरी धातूचा भाग तिरका जातो आणि लाकूड चिरतं. सगळं ओळीने टेबलावर मांडून घ्या, नळीची कुठली बाजू निबेकडे ते खडूने लिहा, आणि चाक थोडं थोडं फिरवा. फिरती यंत्रणा असेल तर रिफिल घालून बघत बघत दाबा. जास्त आत गेलेली बाहेर काढता येत नाही, कमी गेलेली कधीही दाबता येते.